एकाच शेडचं तेल

अप्पा, काल गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदलून आणलं. गुडघ्यांमुळे आईला आता रिक्षात चढता येत नाही, आणि तुम्ही गेल्यापासून गोडादऱ्याच्या आपल्या बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी असलेली गाडी कुणीतरी चालवायला हवीच होती. गॅरेजवाला आधी तयार नव्हता. ऑटोमॅटिक गाडी, त्यात इतकी जुनी. तेल बदलल्यावर गिअर घसरायला लागले तर माझ्या नावाने ओरडायचं नाही, म्हणाला. मी तशीच घरी परतले. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हाही चावी देताना मीच त्याला दोनदा विचारलं, नक्की ना?

तुम्ही पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापडाचे रंग जुळवणारे कलर मास्टर. घरात सगळे अहिराणी बोलायचे, माझ्याशी तुम्ही मुद्दाम शाळेची मराठी बोलायचात, आणि शाळेत जाण्याआधीच गॅलरीत चिंध्या मांडून मला लाल रंगातले फरक शिकवायचात. ट्यूबलाइटखाली रंग खोटं बोलतो, उजेडात ये, म्हणायचात. पुढे मी कॉलेजात असताना गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल कमी झालं, तेव्हाही तुम्ही तेच केलंत. गॅरेजमधून आधीच्या तेलाच्या बाटलीच्या तळाशी उरलेलं तेल मागून घेतलंत, सँपल म्हणून बाजारात नेलंत आणि त्याच्याशी जुळणारा डबा घेऊन आलात. पांढऱ्या पॉपलिनवर दोन्हींचे लाल थेंब शेजारी शेजारी टाकलेत. मी उन्हात धरून बराच वेळ बघितलं. फरक नव्हताच.

"पास?" तुम्ही विचारलंत.

"पास," मी म्हटलं, आणि ते तेल गाडीत गेलं.

त्यानंतर गाडी धक्के द्यायला लागली. तुमच्या हातात धक्का बसला तर रस्ता खराब, माझ्या हातात बसला तर मी खराब. सचिन गावाच्या रस्त्यावर, सिग्नलला, आई मागे बसलेली. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "गाडी पुरती थांबल्याशिवाय लिव्हरला हात लावायचा नाही, किती वेळा सांगायचं?" मी हात लावलेला नसतो. पण घरी येईपर्यंत वाटायला लागतं, लावला असेल. तुमची नजर चुकणं शक्य नव्हतं, म्हणजे माझाच हात चुकला असणार. मग मी गाडी चालवणंच सोडलं.

काल गॅरेजवाल्याने तेव्हापासून डिकीत पडून असलेला तो अर्धा डबा काढला, पुसला आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचली. "आ तेल आ गाडीनुं नथी, बेन." तेल ऑटोमॅटिकचंच होतं, पण या गाडीचं नव्हे, दुसऱ्या जातीच्या गिअरबॉक्सचं. लाल सगळीच असतात, तो म्हणाला, रंगावर काय जाता. हे घातलं कोणी, त्याने विचारलं. वडिलांनी, मी म्हटलं. धक्के त्यामुळेच, तो म्हणाला. खालून निम्मंच तेल निघतं, बाकीचं आत अडकून राहतं, म्हणून थोडी चालवून पुन्हा आणायला सांगितलं त्याने. मी मान हलवत होते, आणि आतून मला आनंद होत होता. चूक माझी नव्हती. तुमची होती. जन्मदात्याची चूक सापडल्याचा एवढा आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी रस्त्याकडे तोंड केलं.

संध्याकाळी आईला फिरवून आणलं. गाडीने एकही धक्का दिला नाही. आई खूश होऊन म्हणाली, "देख, बसना ना तुना हात. तुना अप्पा म्हनेतच, शिकी जाई पोर."

पोर शिकून जाईल, असं तुम्ही म्हणायचात, हे मला माहीतच नव्हतं. मला कधी म्हणाला नाहीत. तिथेच मी आईला सांगायला हवं होतं, की माझा हात आहे तसाच आहे, बदललं ते तेल. मी म्हटलं, "हो." खोटं बोलायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलेलं. रात्री मी स्वतःला समजावलं, की तुमची चूक आईपासून झाकायला गप्प बसले. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. तुम्हाला झाकायला नाही, अप्पा. ती शाबासकी मला हवी होती.