खुराड्याला बांधलेल्या शाली

अहो,

कपाटात तुमच्या सत्काराच्या शाली शोधू नका. नऊच्या नऊ मी परसातल्या खुराड्याला बांधल्यात. गेल्या थंडीत गोणपाट आणून द्या म्हणून पंधरा दिवस तुमच्या मागं लागले होते. तुम्ही गावभर हार घालून घेत फिरलात आणि माझी सहा पिल्लं गारठून मेली. "कोंबडीचीच पिल्लं ना," म्हणालात. ते मी विसरले न्हाय.

शाली बघून कुणी हसलं तर खुशाल माझं नाव सांगा. एकही सोडायची न्हाय.

मी राहनाळला ड्युटीवर चालले. आज संध्याकाळी शाळेत पुन्हा तुमचा सत्कार हाय म्हणे. मिळेल ती शाल घेऊन सरळ परसात या. खुराड्याची दाराकडची बाजू अजून उघडी हाय.

कमळ