स्वर सोडायची खूण

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज पुन्हा! शेवटचा स्वर ताई-भावोजींनी इतका धरून ठेवला की वाद्यवृंदाच्या कंडक्टरची काठी हवेत तशीच राहिली. (कंडक्टर म्हटलं की आईला अजून तिकिटं फाडणारा आठवतो. "एवढा शिकलेला माणूस, आणि कंडक्टर?")

मी खोक्यात. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खाली, डोकं तेवढं वर, मागे लाकडी झाकण. प्रत्येक ओळीचा पहिला शब्द गाणाऱ्यांना आधी पुरवायचा, हे माझं काम. ताईला आणि भावोजींना सगळं तोंडपाठ असतं. म्हणजे मी पगार घेऊन फुकट ऑपेरा ऐकते, दुसरं काही नाही.

पण काय ऐकते! वरून खाली येणारी ती लांब तान — ताईचा एकेक स्वर सुटा, कुठे चिकटला नाही, आणि मध्ये फटही नाही. मग एकच स्वर अगदी बारीक लावला, फुगवत नेला, परत बारीक करत आणला. सगळं एका दमात! सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, पुष्कळ ऐकल्या, हे कुणाला जमत नाही. भावोजींची तऱ्हा वेगळी. बाकीचे टेनर, हे पुरुषांतले उंच आवाजाचे, वरच्या स्वरावर धाड घालतात. हे आपल्याच घरात शिरल्यासारखे शिरतात. अंगावर काटा येतो. आणि रागही येतो — एकाच आईच्या पोटच्या दोघी, तिला तो गळा आणि मला खोका!

त्या शेवटच्या स्वराची गंमत आम्हा तिघांनाच ठाऊक. निरोपाचं गाणं. भावोजींचा झगा दोघांच्या हातांवर पडलेला असतो. स्वर दोघे एकदम सोडतात, लोकांना वाटतं काय हे मनोमीलन! मीलन कसलं — झग्याआड भावोजी ताईच्या तळव्यात अंगठा दाबतात. अंगठा दाबला की सोडायचं. लग्नाआधीपासूनची खूण.

हल्ली हा अंगठा उशिरा दाबला जातोय. मला ते आवडत नाही.

६ नोव्हेंबर

भावोजींना विचारलंच. "शेवटी एवढं कशाला ताणता?" तोंडाचा रंग पुसत होते. आरशातूनच म्हणाले, "तुझ्या ताईला विचार की, खोकेवाली." आणि हसले.

मला नाही हसू आलं. माणसाला टाळ्यांची चटक लागलीय.

८ नोव्हेंबर

सकाळी ताईचा फोन. आधी ओळखलाच नाही आवाज. "सर्दी आहे गं." सर्दीत नाक बोलतं. हिचा गळाच कुठेतरी खरवडून निघाल्यासारखा. संध्याकाळी गायली मात्र लख्ख.

हेच मला भिववतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

गळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच ओढून नेलं. नळीतून पडद्यावर दाखवलं — आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या, त्यातल्या एकीवर लाल ठिपका. एवढासा! आमचं सगळं घर त्या दोन पट्ट्यांवर उभं आहे, आणि मी त्या आज पहिल्यांदा पाहिल्या.

"रक्तवाहिनी फुगलीय. जोर पडला तर फुटेल. बोलाल, पण हे गाणं परत येईलच असं नाही. आजपासून बंद."

ताईने नीट ऐकून घेतलं. पायऱ्या उतरताना म्हणाली, "रविवारी शेवटचा प्रयोग. तो करते, मग वर्षभर मुकी राहते." मी भांडले. ती भिंतीकडे बघत राहिली. लहानपणापासून हिचं हेच. मग म्हणाली, "आणि त्याला सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुला. कळलं तर तो मला गाऊच देणार नाही."

तो? तो कसला अडवतोय!

११ नोव्हेंबर

झोप नाही. डोळे मिटले की तो लाल ठिपका.

१२ नोव्हेंबर

तालीम. ताई अर्ध्या गळ्याने गायली, वरचे स्वर खालच्या पट्टीत नुसते दाखवले. प्रयोगाआधी सगळेच गळा राखतात, त्यामुळे कुणाला संशय नाही. भावोजी मात्र दोनदा तिच्याकडे वळून बघत होते. मॅनेजर मागच्या खुर्चीतून ओरडला, "रविवारी शेवट जोरात हवा हं! सगळी तिकिटं संपलीत!" भावोजींनी हात वर करून हो म्हटलं.

कसं हो म्हटलं! दात घशात घालावेसे वाटले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शपथ मोडली. भावोजींना मागच्या जिन्यात गाठून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, पट्ट्या, ठिपका. चेहरा उतरला त्यांचा. "कधीपासून माहीत आहे हे?" मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस. प्रयोग रद्द करायला ती ऐकणार नाही. पण तो स्वर मी लांबू देणार नाही. धरला की लगेच अंगठा. शब्द देतो."

हात जोडले मी त्यांना. "भावोजी, तुमच्या हातात आहे सगळं."

"माहीत आहे गं."

हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहिते. सगळं लिहिते.

दुपारचा प्रयोग. पहिला अंक बिनघोर गेला. इतकी चांगली ती कधी गायलीच नव्हती. तानेतला प्रत्येक स्वर धुऊन ठेवल्यासारखा. मी शब्द पुरवायचं विसरले, कुणाचं अडलं नाही. मनात म्हटलं, डॉक्टरांचं काहीतरी चुकलं असेल. वेडी आशा!

मग निरोपाचं गाणं. झगा हातांवर पडला. दोघांनी शेवटचा स्वर घेतला.

देवा, काय लागला तो! दोन आवाज आहेत हेच कळेना. ताईचा वर, भावोजींचा त्याला खालून उचलून धरणारा. मी स्वतःशी म्हटलं, आता अंगठा. आता सोडतील. सोडला नाही. भावोजी तिच्याकडे वळले, डोळे ताणलेले, मानेच्या शिरा फुगलेल्या, पार तिच्या तोंडाशी तोंड नेलेलं. तरी नाही सोडला. कंडक्टरने वाद्यं थांबवली. नुसते ते दोन गळे उरले. मी खोक्यातून "सोडा!" म्हणाले. चक्क मोठ्याने म्हणाले! कुणाला ऐकू जाणार?

आणि ताईचा स्वर गेला. फाटला नाही, कापरा झाला नाही. होता, आणि नव्हता. तोंड उघडंच. भावोजींचा एकट्याचा क्षणभर राहिला, मग तोही बंद.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, असंच बसवलंय.

१७ नोव्हेंबर

काल रात्रीच ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिनाभर एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही. पाळलं, तर थोडं गाणं परत येऊ शकेल. नाहीतर विसरा.

ताईला आईकडे आणलं. आईने तिची खोली आवरून ठेवली होती.

१८ नोव्हेंबर

मॅनेजरसमोर सगळी मंडळी बसली होती. मी उभी राहिले आणि बोलले. अंगठ्याची खूण सांगितली. जिन्यातला शब्द सांगितला. "ह्यांना सगळं माहीत होतं. आणि तरी ह्यांनी खूण केली नाही. मी समोरून पाहिलंय, माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलं नाही." इतकं सणसणीत मी जन्मात बोलले नव्हते.

सगळे भावोजींकडे बघू लागले. ते बुटांकडे बघत होते. मॅनेजरने विचारलं, "खरं आहे?"

काही बोलले नाहीत. नाही म्हणाले नाहीत! आणखी काय पुरावा हवा?

२० नोव्हेंबर

भावोजी दारात. दाढी वाढलेली. मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"कशी आहे?"

"तुम्ही तिचा हात धरून होतात ना? तुम्हाला माहीत असायला हवं."

आतून आई म्हणाली, "जावईबापू, आता या घरी येऊ नका." आईच्या तोंडून असं! पंधरा वर्षं त्यांच्या ताटाशी बसून वाढलं तिने.

ते खाली मान घालून गेले. ताई औषधाने झोपली होती. बरंच झालं.

२३ नोव्हेंबर

ताई दाराकडे बघत असते. सारखी. वही-पेन पुढे ठेवलं, तर हातही लावला नाही, तोंड भिंतीकडे फिरवलं. भावोजींचं नाव तिच्यासमोर काढायचं नाही, असं आईने बजावलंय. मीही काढत नाही. त्यांना मंडळीतून काढलं हेही तिला सांगितलेलं नाही. कशाला आणखी जिवाला घोर?

गोळ्या देताना तिचे डोळे भरलेले असतात. मी म्हणते, "रडू नको, गळ्यावर ताण येतो."

२५ नोव्हेंबर

भावोजी गाव सोडून गेले, असं कळलं. कुठे, ते कुणाला माहीत नाही. पियानोसुद्धा विकून टाकला म्हणे. टेनर असा पुन्हा मिळणार नाही, असं मॅनेजर हळहळत होता. मी म्हटलं, न मिळो!

तरी घरी येताना त्यांचाच आवाज कानात. ते काही हाकलता येत नाही.

२७ नोव्हेंबर

कंडक्टर ताईला भेटायला आला. मी स्वयंपाकघरात होते. त्याला कुणी बजावलं नव्हतं. "काळजी करू नकोस, त्याला मंडळीतून हाकलला. तुझ्या बहिणीने सगळ्यांसमोर चांगला उघडा पाडला."

"नाही!" — ताईचा आवाज. घोगरा, फुटका, पण ओरडली. मी धावत गेले, तोंडावर हात ठेवायला. तिने हात झटकला.

"तो दाबत होता गं. पहिल्यापासून दाबत होता. माझ्या हाताला वळ उठले होते. मीच सोडला नाही. दर वेळी मीच सोडत नव्हते. आणि त्या दिवशी तर इतका छान लागला होता... कसा सोडायचा तो?"

एवढं बोलली. मग आवाज पुरता बसला.

भावोजींचा फोन लागत नाही.