केसाएवढी फट

खांदेश्वर,
१२ नोव्हेंबर

प्रिय मुख्तार,

फोनवर तू माझे वाक्य पूर्ण होऊ देत नाहीस आणि अपूर्ण वाक्य मला सहन होत नाही, म्हणून हे पत्र. नूरीनचा दवाखाना तीस तारखेला बंद करून तो गाळा औषधांच्या दुकानाला द्यायचा, हा तुझा निर्णय मला तुझ्या लेकीनेच सांगितला. रडली वगैरे नाही. अवजारे यंत्रात निर्जंतुक करायला ठेवता ठेवता "अब्बांना वाटतं, मी फार स्लो आहे," एवढेच म्हणाली. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी माझ्या दाढेची हकिगत ऐक.

गेल्या महिन्यात फुटाणे खाताना उजवीकडची खालची दाढ मोडली. दाढेतले जुने चांदीचे सिमेंट आणि एका बाजूची भिंत अशी दोन्ही हातात आली. मी पनवेलला जायला निघालो, तर मीना दारात उभी राहिली. "समोर घरची मुलगी डॉक्टर होऊन बसली आहे आणि तुम्ही रिक्षा कसली शोधताय?" मी रिक्षाचा नाद सोडला. गेलो, मात्र दाढ उपटून घ्यायची, असा निश्चय करूनच गेलो. नूरीनने आरशाने पाहिले आणि म्हणाली, "काका, काढायची नाय. अर्धी दाढ मस्त आहे, मूळ पण जिवंत आहे. पडला तेवढाच भाग बनवू." दाढेच्या मधल्या खळग्यात बसतो तो इनले आणि पडलेला कंगोराही झाकून घेतो तो ऑनले, मला दुसरा लागणार होता. पूर्ण टोपी घालायची तर शाबूत भागही तासावा लागतो, ते तिला मंजूर नव्हते. पुढे ती "दाढेची माप घेते" असे म्हणाली. तोंडात कापूस असतानाही मी "दाढेचे माप" अशी दुरुस्ती केली. "काका, आधी तोंड, व्याकरण नंतर," असे उत्तर मिळाले. मुलगी उद्धट नाही, पण तुझी आहे.

तिने माप घेऊन दाढ तात्पुरती बुजवली. आठवड्याने तुर्भ्याच्या प्रयोगशाळेतून तो तुकडा तयार होऊन आला. तो बसवून पाहताना मला काहीही खुपले नाही. दातांमध्ये निळा कागद धरून तिने मला चावायला लावले. उमटलेले ठिपकेही तिला पसंत पडले. मग एक बारीक आकडी घेऊन ती तुकड्याच्या कडेने फिरवू लागली. एकदा, दोनदा, चारदा. मागच्या बाजूला आकडी अडली. केसाएवढी फट होती. मला काहीच जाणवत नाही, असे मी हातवारे करून सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला नाय कळणार काका. किडीला कळेल." तुकडा डबीत घालून तिने तुर्भ्याला परत पाठवायला काढून ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून माप घेऊ लागली. तोवर तासभर उलटला होता. बाहेर बसलेले एक गृहस्थ घड्याळ पाहून निघून गेले. काचेतून तिने ते पाहिले आणि ती पुन्हा माझ्या दाढेकडे वळली.

त्या क्षणी मला आमच्या घराचे दार आठवले. आम्ही येथे नव्याने राहायला आलो, तेव्हा उरणच्या वखारीतून लाकूड आणून ते दार तू स्वतः बसवलेस आणि तीन वेळा बिजागऱ्यांवरून उतरवलेस. कारण काय, तर वरच्या कोपऱ्यातून पोस्टकार्ड आत जात होते. मीनाने दोन दिवस चौकटीला चादर बांधली आणि तुझ्याबद्दल जे उद्गार काढले, ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. आज मजल्यावरची सगळी दारे जुलैत फुगतात. आमचे एका बोटाने लागते. तू दिवसाला किती दारे बसवतोस, असे तेव्हा कोणीही विचारले नाही.

दुसरा तुकडा गेल्या बुधवारी बसला. आकडी त्याच्या कडेने अशी फिरली, जणू तेथे जोड नाहीच. मी त्या बाजूने भाकरी खातो. आमच्या केयूरला दाढेचे छायाचित्र पाठवले, त्याने उलट अंगठा पाठवला. अभियंता झाला, पण वाक्य लिहीत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते लिहितो. तू द्रोणागिरीला मुलाकडे राहायला गेलास, तेव्हा मला म्हणालास, "दवाखान्यासमोरच्या बाकावर तू रोज बसतोसच, महिनाभर जरा लक्ष ठेव." मी ठेवले आणि तुला दोन पानी अहवाल धाडला: दिवसाला रुग्ण चार, त्यांपैकी एखादा कंटाळून परत जातो, मुलीस कामाचा उरक नाही. तो लिहिताना एकेक शब्द पारखून घेतला होता. दवाखान्याचे दार उघडून आत काय चालते, ते मात्र एकदाही पाहिले नव्हते. तुझा निर्णय त्या दोन पानांवर उभा आहे, हे आपणा दोघांनाच ठाऊक होते. काल दाढेला शेवटचा हात फिरवून घ्यायला गेलो, तेव्हा नूरीनलाही सांगून टाकले. तिने हातमोजे बदलले. मग म्हणाली, "काका, तोंड उघडा." मुख्तार, अहवाल लेखी होता, म्हणून तो लेखीच मागे घेतो. माझ्या शब्दावर तू गाळा काढून घ्यायचे ठरवलेस. आता माझ्याच शब्दावर तो तिच्याकडे राहू दे, असे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. तू स्वतः ये. तुझी डावी दाढ दोन वर्षे ठणकते आहे आणि तू सगळे उजवीकडून चावतोस, हे मी कोणालाही सांगितले नव्हते. नूरीनला काल सांगितले. गुरुवारी सकाळी अकराची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. तासभर लागेल.

तुझाच,
अरविंद