पोर्तुगीजांचा शेवटचा किल्ला

११ जानेवारी
काल डचांचे हत्ती माझ्या किल्ल्याच्या दारात अडकले. पुढचा हलेना, मागचे सगळे त्याच्यावर. डचांकडे हत्ती कुठून आले, हे खेळ बनवणाऱ्यांनाच विचारावं. मी मासे साफ करून आले, तरी ते तिथेच.

फैझानचे अब्बा कुवेतला होते तेव्हा आम्ही हा खेळ इंटरनेटवरून खेळायचो. त्यांचे पोर्तुगीज, माझं कोकण, डच कॉम्प्युटरचे. ते एक चाल करणार, मग मी. निम्मा संसार असाच झाला. माणूस खेळ सोडून गेला की कॉम्प्युटर त्याची बाजू चालवतो, असं माहितीत लिहिलंय. हे गेले. पोर्तुगीज चालूच आहेत.

१४ जानेवारी
शेजारची शहनाज डोकावली. "अगो, इद्दतीचे सव्वाचार महिने घरात काढलेस, आता चार दिवस माहेरी जा. इथे लढाया काय करतेस?"
म्हटलं, माहेरी वहिनी आहे. तिच्यापेक्षा डच बरे.

१९ जानेवारी
पोर्तुगीजांचा एकच किल्ला उरला. तो घेतला की त्यांची बाजू नकाशावरून पुसली जाते. सैन्य वेढा घालून बसलंय. मी चाल संपवते आणि उठते.

२० जानेवारी
कुवेतहून फैझानचा फोन. अब्बांच्याच खोलीत राहतो, त्यांच्याच जागी कामाला लागलाय.
"जेवलीस?"
"जेवले."
"तब्येत?"
"बरी."
"ठेवतो मग."
मयतीनंतर त्याने अब्बांचं नाव काढलेलं नाही. मीही नाही.

२४ जानेवारी
नवीन बग. पोर्तुगीजांचं गलबत माझ्या बंदराबाहेर येऊन नुसतं उभं राहतं. दोन-तीन चाली तशाच जातात. मग आत येतं, धान्य उतरवतं, निघून जातं. ज्याला मी वेढा घातलाय तोच मला धान्य पाठवतोय.
खेळाच्या फोरमवर लिहिलं. इंग्रजीत, शेजारी डिक्शनरी ठेवून.

२६ जानेवारी
उत्तरं आली. एक म्हणतो अपडेट करा. एक म्हणतो गलबत बुडवा, विषय संपवा. तिसरा म्हणतो, कॉम्प्युटरचं जहाज बंदराबाहेर थांबत नाही, तुम्ही काहीतरी चुकीचं बघताय.
मी चुकीचं बघत नाही.

२८ जानेवारी
दिवसभर डचांकडे बघत बसले. ते थेट आत शिरतात. खेळात भरती-ओहोटी नाहीच, थांबायचं कशाला? भरतीची वाट बघत तोच थांबेल, ज्याने आमच्या खाडीत होडी आत घेतलीय. हे खेळातही थांबायचे. मी म्हणायचे, अहो, इथलं पाणी कमी होत नाही. "हात वळत नाही गं," म्हणायचे.

होडीत यांच्यासोबत फैझान असायचा. सुकाणूही यांनीच शिकवलं त्याला. यांचा लॅपटॉप कुवेतच्या खोलीतच राहिलाय.

गलबत चालवतोय तो कॉम्प्युटर नाही.

२९ जानेवारी
फोन आला. जेवले, तब्येत बरी. मी खेळाचं विचारलं नाही. विचारलं तर लाजेल आणि बंद करेल.

१ फेब्रुवारी
सकाळी त्याचं गलबत बुडवलं. शेवटच्या किल्ल्यावर सगळ्या तोफा लावल्या.
दुपारी फोन. "अम्मी, हे काय केलंस? अब्बांचा किल्ला आहे तो!"
म्हटलं, मग सांभाळ की नीट. धान्य कसलं वाटत फिरतोस? अब्बा असते तर माझं बंदर कधीच जाळलं असतं.
"हो, आणि वर तुलाच विचारलं असतं, आज कालवण कसलं केलंस?"
मग भांडत बसला. फोन ठेवेचना.