मुंगूस खड्ड्यात का पडायचं

आई, मुंगूस त्या खड्ड्यात पडायचं ते तुझ्या बोटांमुळे नव्हे. आधी एवढंच सांगून टाकते. गेला आठवडाभर हे तुला सांगायचं म्हणून मी घरात नुसती फिरतेय आणि सांगायला माणूस जागेवर नाही.

आपली डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. दादा कल्याणहून येतो, मी ठाण्याहून, आणि रविवारी दोघं मिळून घर रिकामं करतो. तुझ्या लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, शालीच्या घडीत, मामाने मस्कतहून आणलेला तो व्हिडिओ गेम निघाला. राखाडी, विटेसारखा, हातात धरून खेळायचा. दादा म्हणाला, "हे अजून आहे?" मी म्हटलं, "टाकू नको हां." तो म्हणाला, "मी कुठे टाकतोय? खाली जाऊन पेन्सिल सेल घेऊन ये." सेलच्या जागी हिरवं चढलेलं. त्याने ते पॉलिश पेपरने घासलं, सेल घातले, बटण सरकवलं, आणि ती कळकट हिरवी काच उजळली. आत कॅसेट होती ती खेळाच्या दुसऱ्या भागाची. म्हणजे तू ठेवलास तसाच तो इतकी वर्षं होता.

मामाने तो आणलेला खरं तर आम्हा मुलांसाठी. पण दादाला तेव्हा क्रिकेटपुढे काही सुचत नव्हतं आणि मी कॉलेजात नवी नवी गेलेले, मला असल्या खेळाची लाज वाटायची. तो तुझ्याच हाती राहिला. दुपारी क्लासवरून येऊन, जेवून, तू गॅलरीतल्या खुर्चीवर बसायचीस आणि त्या छोट्या प्राण्याला डावीकडून उजवीकडे न्यायचीस. पेटीवरच्या चित्रात तो प्राणी काय आहे ते कुणालाच कळत नव्हतं. दादा म्हणायचा, खार. मी म्हणायचे, उंदीर. तू म्हणालीस, "मुंगूस आहे ते. सकाळी मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो, आमच्या गावाला विचार कुणालाही." मग ते मुंगूसच झालं. ते उड्या मारत ओढे ओलांडायचं, फांद्यांवर चढायचं, खड्डे चुकवायचं, आणि शेवटी घरी पोचायचं. पहिल्या भागात ते घरी पोचलं त्या दिवशी तू शिरा केलेलास. बाबांनी विचारलं, "आज काय?" तू म्हणालीस, "पोचलं एकदाचं," आणि बाबांना वाटलं मामाचं पत्र पोचलं.

तुझे हात ही आपल्या घरातली मोठी गोष्ट होती. स्टेशनजवळ स्टेशनरीच्या दुकानावर तो टायपिंग क्लास, लाकडी जिना, ओळीने मांडलेली मशिनं, आणि त्यांच्यामधून फिरणारी तू. मुलं अक्षरांकडे बघून टाइप करायला लागली की तू त्यांच्या हातांवर रुमाल पसरायचीस. "बोटांकडे बघायचं नाही. बघितलं की ती बुजतात." मला त्या वयात हे वाक्य फार आवडायचं, कारण तू मला अभ्यासात कधीच असं मोकळं सोडलं नाहीस. तू स्वतः मशीनवर बसलीस की क्लासातली मुलं थांबून ऐकायची. नुसता पाऊस पडल्यासारखा आवाज, मध्ये कुठे अडखळणं नाही.

मग मामाने दुसरा भाग पाठवला, आणि नेमकी त्याच सुमारास तुझी बोटं सकाळी आखडायला लागली. कणीक मळताना तू मध्येच हात झटकायचीस. ठाकुर्लीच्या डॉक्टरांनी संधिवाताची सुरुवात म्हणून सांगितलं, गरम पाण्यात हात बुडवा म्हणाले. तू ते आम्हाला असं सांगितलंस जसं काही दूधवाला उद्यापासून उशिरा येणार आहे. पण दुसऱ्या भागात तो डोंगर लागला. वारा सुटलेला, वरून पक्ष्यांचे थवे येतात, आणि मध्ये एक खड्डा आहे. काठावर पोचायचं आणि उडी मारायची, बस. तुझं मुंगूस काठावर पोचायचं आणि उडी न मारता सरळ आत चालत जायचं. पुन्हा. पुन्हा. मे महिन्याची अख्खी सुट्टी तू त्या खड्ड्याशी काढलीस. मी बघायचे, तू बटण दाबायचीस ते मला दिसायचं. तू म्हणायचीस, "दाबते गं मी, पण वेळेवर दाबलं जात नाही. मेंदू सांगतो, बोट ऐकत नाही."

आणि मग ती दुपार. मी ओट्यापाशी कैऱ्या चिरतेय, तू मागे येऊन उभी राहतेस आणि तो खेळ माझ्यापुढे धरतेस. "हात पूस आणि तू कर. तुझी बोटं तरुण आहेत. बघू तरी पलीकडे काय आहे." मी हात पुसते. मी खेळते. माझं मुंगूस काठावर पोचतं आणि आत पडतं. पुन्हा पडतं. मला आपली गंमत वाटतेय, मी हसतेय, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला मान वर करते तर तुझा चेहरा बदललेला आहे.

"मुद्दाम पडतेयस ना?"

"नाही गं आई."

"माझी कीव करू नकोस. सगळं चालेल, ते नाही चालणार."

"अगं खरंच नाही होत!"

"बास."

तू तो माझ्या हातातून घेतलास, बंद केलास आणि आत गेलीस. कपाटाचं दार लागल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. मी कैऱ्या चिरत राहिले. त्या आठवड्यात तू क्लासच्या मालकांना सांगितलंस की शिकवीन, पण मशीनवर बसून दाखवणार नाही, दाखवायला दुसरं कुणी बघा. त्यानंतर तुला टाइप करताना मी कधी पाहिलं नाही. आपण भांडलो नाही. तू माझ्या लग्नात नाचलीससुद्धा. पण ते "मुद्दाम" माझ्या अंगाला चिकटून राहिलं. तुझ्या शेवटच्या आजारात मी तुला पाणी पाजताना चमचा कलला तर मला भीती वाटायची की तू परत तेच विचारशील.

तर त्या रविवारी दादा माळ्यावरची भांडी काढत होता आणि मी जमिनीवर बसून खेळायला लागले. डोंगर आला, वारा आला, पक्षी आले, आणि माझं मुंगूस सरळ खड्ड्यात चालत गेलं. खोटं कशाला बोलू, मी घाबरले. कारण हल्ली सकाळी माझाही अंगठा दुखतो, बरणीचं झाकण फिरत नाही. मी आता तुझ्या त्या वयाची आहे. मला वाटलं, आलं, आईचंच आलं. मी खेळ पिशवीत टाकला आणि दादाला काही बोलले नाही.

मंगळवारी ऑफिसात डबा खाता खाता मोबाईलवर सहज त्या खेळाचं नाव टाकलं. आई, जगात कुठे कुठे माणसं बसलीत आणि अजून त्या खेळावर मतं देताहेत! एक पानच आहे, खाली खाली जात राहतं. बहुतेकांना दुसरा भाग आवडलेला नाही. एक जण म्हणतो, पहिल्या भागातलं मुंगूस कसं चपळ होतं, यात ते जेवून आल्यासारखं चालतं. एक बाई म्हणतात, चित्रं मोठी केली आणि पुढचं दिसेनासं झालं, आंधळ्यासारखी उडी मारायची. कुणी म्हणतो, काही म्हणा, पाण्याखालच्या भागातलं संगीत आजही डोक्यात वाजतं. त्यावर दुसरा म्हणतो, संगीतावर पोट भरत नाही. अगदी आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखं चाललेलं. मी मजेत वाचत होते. आणि मग डोंगराचा विषय निघाला.

एकाने लिहिलंय, तो खड्डा पार करता न आल्यामुळे मी लहानपणी तो खेळ भिंतीवर फेकला होता. त्याच्याखाली दुसरा, मी पण. मग तिसरी, मी रडले होते, भाऊ म्हणाला तुला जमत नाही, मग त्यालाही जमलं नाही. आणि मग एकाने समजावून सांगितलंय. पडद्यावर एका वेळी जास्त पक्षी आले की त्या बिचाऱ्या यंत्राला ते झेपत नाही, खेळ मंदावतो, आणि त्या क्षणाला बटण दाबलं तरी ते खेळापर्यंत पोचतच नाही. तुम्ही दाबलेलं असतं. अगदी वेळेवर दाबलेलं असतं. त्याचं शेवटचं वाक्य मी तुझ्यासाठी मराठीत करते: चूक तुमच्या हातांची कधीच नव्हती.

मी डबा तसाच उघडा ठेवून जिन्यात गेले आणि दादाला फोन लावला. "दादा, ते सगळ्यांचंच पडायचं."

"काय पडायचं?"

"मुंगूस. खेळातच खोट होती. आईच्या हातात नव्हती."

तो म्हणाला, "म्हणजे तू तेव्हा मुद्दाम नव्हतीस पडत?"

"नाही रे! सांगितलेलं ना मी तेव्हाही."

"मला इतकी वर्षं वाटायचं, मुद्दामच केलंस. आईचं मन राखायला. मला तर तुझं कौतुक वाटायचं, तिलाही वाटत असणार. एकदा मला म्हणालेली, पोरीचा जीव आहे रे माझ्यावर, खोटं हरते माझ्यासाठी."

मी जिन्यात उभी राहून हसले, आई, मोठ्याने. वरच्या मजल्यावरचा एक जण वाकून बघून गेला. मी इतकी वर्षं तुझा राग घेऊन हिंडत होते आणि तू माझी माया धरून बसलेलीस, आणि दोन्ही चूक, कारण मी खरोखरच पडत होते. छातीवरचं काहीतरी असं उतरलं की मला परत जागेवर जाऊन बसेपर्यंत हलकं हलकं वाटत होतं.

संधिवात खोटा नव्हता, ते मला माहीत आहे. पुढे तुझी बोटं वाकडी झाली, तुला गुंडी लावता येईना, ते मी पाहिलंय. पण त्या मे महिन्यात तुझी बोटं ऐकत होती. तू आणखी काही वर्षं मशीनवर बसू शकली असतीस, हे मनात येतं आणि तेवढ्यापुरतं वाईट वाटतं. फार नाही. तू शिकवत राहिलीस, मुलं तुझ्या हातून पास होत राहिली, आणि तुला हरायचं होतं तर ते एका बिघडलेल्या खेळाकडून नको होतं, एवढंच. माझा अंगठाही दाखवून आले. डॉक्टरबाई म्हणाल्या, शीर सुजलीय, मोबाईल कमी करा. संधिवात नाही.

परवाच्या रविवारी मी आणि दादाने तो खड्डा पार केला. त्या माणसाने युक्ती दिलेली, काठाच्या अलीकडे थांबायचं, पक्षी पडद्याबाहेर जाऊ द्यायचे, मग उडी. मी थांबले. दादा गाठोड्यांमध्ये उभा राहून म्हणत होता, "थांब, थांब, अजून एक आहे, आता मार." आणि मुंगूस पलीकडे गेलं. पलीकडे काय आहे ते तुला बघायचं होतं ना? सपाट जमीन आहे. एक झाड आहे, वर दोन ढग. शत्रू नाही, खड्डा नाही. दादा म्हणाला, "एवढंच?" आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या झाडाखाली उभ्या मुंगसाकडे बघत बसलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि तो पत्ताही पुढच्या महिन्यात पाडतील. कपाट दादा नेणार आहे, पत्र मी माझ्याकडेच ठेवीन. पण एक गोष्ट केलीय ती सांगते. त्या पानावर मीसुद्धा मत लिहिलं. लिहिलं, माझी आई टायपिंग शिकवते, तिची बोटं आमच्या गावात सगळ्यात चलाख आहेत, आणि तिचंही मुंगूस तिथेच पडतं. शिकवायची, होती, पडायचं, असं लिहायला घेतलेलं, हाताने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लांबून विचारलं, आईंना विचारा ना, त्यांना पहिला भाग जास्त आवडतो की दुसरा?

मी लिहिलं, विचारून सांगते.