नानांची राहिलेली सही

मंगळवार, धुळे. ऑफिसातून आत्ताच आले.

आज मी खोटं बोलले. तेही नानांशी.

नाना म्हणजे साक्रीकडचे जुने ठेकेदार. निविदेच्या पानापानावर ठेकेदाराची सही लागायची, म्हणून ते दिवसभर माझ्या टेबलापाशी बसायचे. एक पान, एक सही, एक गोष्ट. कुणाची विहीर आटली, कुणाची सून रुसली. दुपारी त्यांच्या डब्यातली अर्धी कळण्याची भाकरी माझी.

पानापानावरची सही निरर्थक आहे, काढून टाका, अशी टिपणी मीच वर पाठवली होती. योग्यच होतं ते. आजही तेच लिहीन. नियम सुटसुटीत झाले, साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. आता एकच सही, तीही घरबसल्या मोबाइलवर. तेव्हापासून टेबलासमोर कुणी बसलेलं नाही. आणि घरी तर काय, मी आणि पंखा.

आज नानांची निविदा उघडली. एकही चूक नाही. शोधली मी, अगदी हट्टाने. मग फोन लावला.

"ताई, बठ्ठं बराबर शे ना?"

"सगळं नाही हो नाना. एका पानावर सही राहिलीय. यावं लागेल."

"कोणता पानवर?"

आल्यावर दाखवते, म्हटलं. पानं उरलीत कुठे?

"येस मी सकाय," नाना म्हणाले. "भाकरी जास्तीनी लई येस."

सकाळीच येतायत, जास्तीची भाकरी घेऊन; उद्या लवकर जायला हवं. ते यायच्या आत सगळी पानं छापून ठेवते.