शेरा : घर बंद

११ ऑक्टोबर, दुपार

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. रजिस्टर पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहोत. हिची टाच दुखते, बाकी ठणठणीत. भावोजींचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, औषध बाटलीत ठेवून खोकला जात नाही.

फोन का नाही केला म्हणशील. केला होता की. या आठवड्यात तीनदा. तिन्ही वेळा तू "बोल रे" म्हणालीस आणि मी काहीबाही बोलून ठेवून दिला. परवा तर तुला टोमॅटोचा भाव विचारला. जन्मात कधी टोमॅटो आणलेत का मी? तोंडाने जमत नाही म्हणून लिहितोय. तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, आणि स्वतःचं लिहायला बसलो तर तीन कागद फाडले.

आधी एक खोटं परत घेतो. मागच्या महिन्यात तू आठ दिवस राहायला येते म्हणालीस आणि मी "रंगकाम काढलंय, नंतर ये" म्हणालो. कसलं रंगकाम! आपल्या दारावर बँकेची नोटीस चिकटवली होती. हप्ते थकले, सत्तावीस ऑक्टोबरला घराचा ताबा घेणार, असं ठळक अक्षरात. ही देवळात गेली होती म्हणून बरं. मी पाणी लावून लावून कागद सोडवला, पण एक कोपरा निघेचना. अजून आहे तो दारावर. ही विचारायला लागली तर म्हणालो, कुणीतरी जाहिरात लावली असेल.

वरच्या दोन खोल्यांसाठी कर्ज काढलं ते तुला ठाऊकच आहे. तू तुझा हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही केलीस म्हणून तर बँकेनं दिलं. सही करताना तू एवढंच म्हणालीस, "मला पैसे नकोत. पण खिडकीची खोली माझी, आणि माझं शिलाई मशीन तिथून हलवायचं नाही." मी हसलो होतो तेव्हा. वरच्या खोल्यांचं भाडं यायचं आणि त्यातून हप्ता जायचा, असा माझा हिशोब. पण छत गळायला लागलं, भाडेकरू सोडून गेला, नवा कोणी टिकेना. सात हप्ते राहिले. हे सगळं कुणाच्याही घरी होतं गं. यात मला लाज नाही. म्हणजे आहे, पण ती गिळता येते.

पुढचं गिळता येत नाही.

नोटीस चिकटवण्याआधी बँकेनं तीन रजिस्टर पत्रं पाठवली होती. आपल्या पत्त्यावर. म्हणजे माझ्याच बीटवर, मी रोज टपाल वाटतो त्याच भागात, माझ्याच पिशवीत. पहिलं हातात आलं तेव्हा पिशवीच्या तळाशी सरकवलं. आपल्या दारासमोरून सायकल नेली, थांबलो नाही. ही अंगणात कपडे वाळत घालत होती, तिनं हातसुद्धा केला. कोपऱ्यावर जाऊन पाकिटावर शेरा मारला, "घर बंद". तारीख घातली, खाली माझ्या सहीची रेघ ओढली आणि पत्र परत. पुढच्या महिन्यात दुसरं आलं, तसंच. तिसरंही तसंच. उघडून बघायची हिंमतच नव्हती. तीस वर्षांत एक खोटा शेरा मारला नव्हता मी, ताई. वरच्या आळीतल्या त्या चावऱ्या कुत्र्याच्या घरीसुद्धा आत जाऊन पत्र दिलं.

दारावर नोटीस लागल्यावर मात्र पाचावर धारण बसली. बँकेत गेलो. खाकी कपडे घरी ठेवून गेलो. कर्जविभागात एक बाई बसतात, वयानं आपल्या पोरींएवढ्या. त्यांनी फाईल उघडून ती तीन पाकिटं माझ्यासमोर टेबलावर मांडली.

"काका, तिन्ही परत आली. दिवसा घरी कुणी नसतं का?"

"ही असते," मी म्हणालो. बोलून गेलो.

"रोज?"

"रोज."

"मग घर बंद कसं? अहो, तुमचा पोस्टमन चक्क खोटं लिहितोय!" बाई माझ्यासाठी चिडल्या गं. "तिसऱ्या पत्रात सवलत होती. तीन हप्ते भरा, बाकीची मुदत वाढवून देतो. ती तारीख टळली. पण पत्र पोस्टाच्या चुकीनं पोचलं नाही असं लेखी आणलंत, तर मी साहेबांकडून पुन्हा करून घेते. करा त्या माणसाची तक्रार. सोडू नका त्याला."

तीन हप्ते. तेवढे होते माझ्याकडे. डब्यात होते.

मी तिथेच सांगायला हवं होतं की बाई, तो माणूस तुमच्यासमोर बसलाय. त्याऐवजी "करतो तक्रार," म्हणालो, त्यांनी पुराव्यासाठी दिलेली ती पाकिटं घेतली आणि उठलो.

आता पुढचं वाच आणि मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल. आमच्याकडे एक बदलीवाला आहे. रोजंदारीवरचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. माझा गुडघा धरला की अर्धी पिशवी तो वाटतो. वहीत नोंद होत नाही, आमचं आपसात चालतं. शेरा मारायची वेळ आली तर माझ्यासारखीच रेघ ओढतो, म्हणजे कुणी विचारत नाही. दोघांच्या रेघा शेजारी ठेवल्या तर मला स्वतःला ओळखता यायच्या नाहीत.

मी पोस्टमास्तरांकडे गेलो आणि सांगितलं, त्या तिन्ही दिवशी माझं बीट बदलीवाल्यानं केलं. शेण खाल्लं मी, ताई. दुसरा शब्द नाही याला.

त्याला बोलावलं. मी तिथेच उभा, टपालाचे गठ्ठे चाळत असल्यासारखा. त्यानं पाकिटं उलटसुलट करून बघितली. मला वाटलं आता भांडेल. तर म्हणतो कसा, "असेल साहेब. त्या आळीचं टपाल चुकून माझ्या गठ्ठ्यात आलं असेल, घाईत झालं असेल माझ्याकडून." साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. आणि बँकेसाठी मला पत्र टाईप करून देतो म्हणाले.

त्याच संध्याकाळी तो आपल्या घरी आला. पायरीवर उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. हात जोडून म्हणाला, "काका, माझ्यामुळे तुमच्या घरावर ही वेळ आली. तुम्ही मला इतकं सांभाळून घेतलंत आणि मी बघा काय केलं." रडत होता गं. माझ्यासाठी. मी त्याला "असू दे, असू दे" म्हणालो. असू दे म्हणालो मी!

ही आत चहा टाकत होती. तिनं सगळं ऐकलं. तो गेल्यावर तिनं एकच विचारलं, "पण तो तर आपल्या आळीत कधी येतच नाही. वरची आळी करतो ना तो?"  मग तिनं दारावरचा तो कोपरा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.  सकाळी तिनं माझे खाकी कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले आणि म्हणाली, "साहेब दहाला येतात ना? मग नऊला निघा."

गेलो. लिहून दिलं सगळं, सही केली. या वेळी रेघ नाही, पूर्ण नाव. बदलीवाल्याला परत घेतलं. मला निलंबित केलं, चौकशी चालू आहे, निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मग बँकेत जाऊन पाकिटं परत दिली आणि बाईंनाही सांगितलं. त्यांनी पाकिटं उचलून फायलीत ठेवली. नंतर म्हणाल्या, "पत्र पोचलं नाही त्याच्यासाठी करता आलं असतं, काका. परत पाठवलं त्याच्यासाठी नाही."

तेव्हा सत्तावीस तारीख कायम आहे. स्टेशनमागे एक खोली बघितली आहे, एकच. हे पत्र पैसे मागायला नाही, मागायला तोंडच नाही. तुझी खोली मी घालवली, हे तुला बँकेच्या नोटिशीतून नाही, माझ्याकडून कळायला हवं. मशीन हलवायचं नाही म्हणाली होतीस. हलवावं लागणार. काल त्याला तेल दिलं, पुसून ठेवलं. तू येऊन नेतेस की मी आणून पोचवू? त्या आधी खिडकीच्या खोलीत एक रात्र झोपायचं असेल तर ये. ही वाट बघते.

आणि हे पत्र घ्यायचं नसेल तर तसा शेरा मारून परत पाठव, मला राग नाही. आता माझं बीट बदलीवाला करतो, तोच आणून देईल.

सत्तावीसपर्यंत याच पत्त्यावर आहे. आणि घर बंद नसेल, ताई. सही करून घ्यायला मीच दारात येईन.

तुझा,
धाकटा